उंची हेडफोन आणि त्याला साजेसा अॅम्प्लिफायर कसा निवडावा

खान्देशात राहून उंची हेडफोन घेऊ पाहणाऱ्याची मोठी अडचण ऐकून पाहण्याची असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारात मोबाईलसोबत चालणारे इअरफोन हवे तेवढे मिळतात. पण तीस हजारांच्या पुढचे चार हेडफोन टेबलावर मांडून, ते नीट चालवू शकणारा अॅम्प्लिफायर शेजारी ठेवून, तासभर शांतपणे ऐकू देणाऱ्या दुकानासाठी सहसा मुंबई-पुणे गाठावे लागते. त्यामुळे इकडची बरीचशी खरेदी घरबसल्या, परीक्षणे वाचून होते, आणि पुष्कळदा हेडफोन एका शिफारशीवरून व अॅम्प्लिफायर दुसऱ्याच शिफारशीवरून घरात येतो. हेडफोनचा आवाज कसा आहे हे कागदावरून पुरते कळत नाही, हे खरे. पण तो कोणत्या अॅम्प्लिफायरवर नीट चालेल हे मात्र शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाच्या आधाराने जवळजवळ नेमके काढता येते. म्हणून हेडफोन कानाने निवडावा, अॅम्प्लिफायर हिशेबाने निवडावा आणि पैशाचा मोठा वाटा हेडफोनवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खोलीचा विचार

हेडफोनचे दोन मुख्य प्रकार त्याच्या कपाच्या पाठीवरून ठरतात. ओपन बॅक हेडफोनच्या कपाची मागची बाजू जाळीची असते, त्यामुळे आतल्या थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यामागचा आवाज आत कोंडून न राहता बाहेर निघून जातो आणि ऐकणाऱ्याला गाणे मोकळे, थोडे डोक्याबाहेर मांडल्यासारखे वाटते. सेनहायझरचे एचडी ६००, एचडी ६५० आणि एचडी ८०० एस हे याच जातीचे. क्लोज्ड बॅक हेडफोनची पाठ बंद असते. त्यात आवाजाचा मोकळेपणा कमी, पण बाहेरचा गोंगाट आत कमी येतो आणि आतले गाणे शेजारी झोपलेल्याला ऐकू जात नाही. उंची हेडफोनांत ओपन बॅकची संख्या जास्त आहे, आणि जाणकारही बहुधा तेच सुचवतात.

ती शिफारस आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. वैशाखात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कूलरशिवाय दुपार निघत नाही, आणि कूलरच्या पंख्याची घरघर, मोटारीचा गुणगुणाट व गवतावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज हे सगळे जाळीतून थेट कानात येते. त्यातला खालच्या पट्टीचा भाग नेमका डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज झाकून टाकतो. ऐकणारा मग नकळत आवाज वाढवतो आणि ज्या बारकाव्यांसाठी पैसे मोजले ते तरीही मिळत नाहीत. क्लोज्ड बॅक घेतला म्हणजे कूलर पूर्ण नाहीसा होईल असेही समजू नये, कारण बंद कप वरच्या पट्टीचा आवाज चांगला अडवतो आणि खालच्या घरघरीपुढे बराचसा हतबल असतो. त्या घरघरीवर नॉइज कॅन्सलिंगचे, म्हणजे उलट लहर सोडून बाहेरचा आवाज खोडणारे हेडफोन अधिक परिणामकारक ठरतात. ज्याचे ऐकणे मुख्यतः उन्हाळी दुपारी कूलरशेजारी होणार आहे, त्याने महागड्या ओपन बॅकच्या फंदात पडू नये. ज्याला पहाटेची किंवा रात्री उशिराची शांत खोली मिळते, आणि विशेषतः दिवाळीपासून होळीपर्यंत पंखाही बंद ठेवून ऐकता येते, त्याने ओपन बॅकच घ्यावा; त्या शांततेत त्याला तोड नाही.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम कानाशी टेकणाऱ्या पॅडवर होतो. कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने चिकट होतात आणि काही हंगामांत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. मखमली पॅड हवा खेळती ठेवतात, पण धूळ धरतात. पॅड झिजून दबला की कान आणि पडदा यांतले अंतर बदलते, कडेची फट बदलते आणि त्याबरोबर खर्जही बदलतो, म्हणून त्याच कंपनीचे सुटे पॅड भारतात मिळतात का, हे हेडफोन घेण्याआधी पाहावे. चष्मा लावणाऱ्याने चष्मा लावूनच हेडफोन घालून पाहावा, कारण काडीमुळे पडणारी फट क्लोज्ड बॅकमध्ये खर्ज लक्षात येण्याइतका कमी करते.

पडद्याचे प्रकार

बहुतेक हेडफोन डायनॅमिक असतात, म्हणजे चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला पडदा हवा हलवतो. प्लॅनर मॅग्नेटिक प्रकारात वेटोळ्याऐवजी पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या असतात आणि तो चुंबकांच्या क्षेत्रात सबंध हलतो. हायफायमॅन आणि ऑडेझी यांचे बरेच हेडफोन असे आहेत. त्यांचा खर्ज खोलवर सपाट जातो, मात्र चुंबकांमुळे वजन वाढते आणि काही नग अर्ध्या किलोच्या घरात जातात. दोन तास मान ताठ ठेवून ऐकणाऱ्याला वजनाचा आकडा आवाजाच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटला पाहिजे. तिसरा प्रकार इलेक्ट्रोस्टॅटिक, ज्यात चुंबकाऐवजी विजेच्या दाबाने पातळ पडदा हलतो. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्याच्या आजच्या हेडफोनांच्या पडद्याला ५८० व्होल्टचा स्थिर दाब लागतो, तो पुरवणारा खास अॅम्प्लिफायर वेगळाच असतो, आणि साध्या हेडफोन अॅम्प्लिफायरला असा हेडफोन जोडताच येत नाही. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू आणि उन्हाळ्यात वावटळीची माती असणाऱ्या गावात, पहिली उंची खरेदी म्हणून मी तो सुचवणार नाही. प्लॅनरची चुंबके लोखंडाचा कीस ओढून घेतात, तेव्हा वर्कशॉप असलेल्या घरात तो उघडा ठेवू नये.

ऐकायचे काय आणि कसे

मुंबई-पुण्याला जाणे झाले, किंवा गावातल्याच एखाद्या शौकिनाकडे हेडफोन ऐकायला मिळाला, तर दुकानाच्या गाण्यांवर निर्णय घेऊ नये. स्वतःच्या मोबाईलमध्ये स्वतःला पाठ असलेली पाच-सहा ध्वनिमुद्रणे न्यावीत आणि प्रत्येक हेडफोनवर तीच, शक्य तितक्या सारख्या आवाजात ऐकावीत. सारखा आवाज हा मुद्दा क्षुल्लक नाही. दोन हेडफोनांत थोडा जरी मोठा-लहान फरक असला तरी मोठा वाजणारा कानाला चांगला वाटतो आणि तुलना तिथेच फसते.

माझ्या मते आपल्या संगीतातली सर्वांत कठोर परीक्षा तानपुऱ्याची आहे. चांगल्या हेडफोनवर चारही तारांचे छेडणे वेगवेगळे ऐकू येते, आणि तरीही मागची जवारी अखंड राहते. पंचमाची तार छेडल्यावर तिच्यातून वर निघणारे स्वर हळूहळू उमलून विरताना कळतात. वरची पट्टी फुगवलेल्या हेडफोनवर जवारीची झणझण पुढे येऊन गायकाच्या आवाजावर बसते. वरची पट्टी दबलेल्या हेडफोनवर चार तारांची एकच गुंजन होते आणि छेडण्याचा क्षण हरवतो. त्यानंतर डग्गा ऐकावा. तळहाताच्या दाबाने वादक घुमाऱ्याचा स्वर चढवतो, तेव्हा तो स्वर खालून वर सरकताना स्पष्ट कळला पाहिजे; नुसता घुमार भरून राहिला आणि सरकणे कळले नाही, तर खर्ज वाजवीपेक्षा जास्त आहे. संबळीवर काडी पडते त्या क्षणाची धार आणि तिचे लगेच थांबणे हेही ऐकावे. श्रावणात कानबाईच्या वेळी दहा-बारा बायका एकत्र गातात, तसे समूहगान मुद्रित केलेले जवळ असेल तर ते जरूर न्यावे, कारण त्यात आवाज एकमेकांपासून सुटे होतात की एकाच गठ्ठ्यात राहतात, आणि ‘स’ व ‘श’ कानाला टोचतात का, हे दोन्ही एकदमच कळते.

ऐकायला मिळालेच नाही तर मोजमापांचे आलेख पाहावेत. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून असे दिसले, की चांगल्या खोलीत वाजणाऱ्या चांगल्या स्पीकरसारखा समतोल असलेला हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो. त्यावरून ठरवलेली रेषा आलेखांवर हार्मन कर्व्ह म्हणून काढलेली असते. त्या रेषेपासून हेडफोन कुठे आणि किती दूर जातो हे पाहिले, तर निदान मोठा अपेक्षाभंग टळतो.

अॅम्प्लिफायरचा हिशेब

हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे टिपून घ्यावेत: इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, जो ओहममध्ये असतो, आणि संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॅट वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. इथे एक सापळा आहे. काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला सांगतात, तर काही एका व्होल्टला, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष साफ चुकतो. एका व्होल्टला ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ३.३ मिलिवॅट जातात आणि ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ३१. म्हणून व्होल्टवर सांगितलेल्या आकड्यातून पहिल्यासाठी साधारण ५ आणि दुसऱ्यासाठी १५ डेसिबल वजा केले, की मिलिवॅटचा आकडा मिळतो. एका व्होल्टला १०३ डेसिबल असलेला ३०० ओहमचा हेडफोन अशा रीतीने एका मिलिवॅटला ९८ वर येतो.

मग लक्ष्य ठरवावे. मी ११० डेसिबलच्या क्षणिक शिखराचा हिशेब धरतो. इतक्या मोठ्याने कोणी ऐकावे असा त्याचा अर्थ नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात संथ आलाप आणि द्रुत लयीतला तबल्याचा आघात यांत फार मोठे अंतर असते, शिखरे सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जाऊ शकतात, आणि त्या क्षणी अॅम्प्लिफायरची ताकद संपली तर आघात चेपला जातो. सरासरी ऐकणे मात्र ७५ डेसिबलच्या आसपासच असावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात.

आता बायरडायनॅमिकचा डीटी ८८० घेऊ, कारण तो एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत विकला गेला आणि त्यामुळे हिशेब लख्ख दिसतो. त्याची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ९६ वरून ११० वर जायचे तर १४ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. वीज तिन्हींना तेवढीच लागते, पण ती वेगळ्या रूपात लागते. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट, या सूत्राने ३२ ओहमच्या रूपाला ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअँपिअर लागतात, तर ६०० ओहमच्या रूपाला ३.९ व्होल्ट आणि अवघे साडेसहा मिलिअँपिअर. मोबाईलला लावायचा डोंगल, म्हणजे हेडफोनची पिन बसवायचा छोटा जोड, साधारण एक व्होल्ट देतो असे धरले, तर पहिले रूप त्यावर आरामात चालते. ६०० ओहमच्या रूपाला तोच डोंगल ९८ डेसिबलच्या वर नेऊ शकत नाही. जास्त ओहमला व्होल्ट हवेत आणि कमी ओहमला करंट हवा, इतके लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

ओहमचा आकडा मोठा म्हणजे हेडफोन चालवायला अवघड, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. हायफायमॅनचा सुसवारा फक्त ६० ओहमचा, पण संवेदनशीलता ८३ डेसिबल. त्याला ११० गाठायला सुमारे ५०० मिलिवॅट लागतात, म्हणजे साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअरपेक्षा थोडे अधिक. उलट फोकलचा पहिला युटोपिया ८० ओहमचा आणि १०४ डेसिबलचा. त्याला चार मिलिवॅट पुरतात, व्होल्ट अर्ध्याहून थोडेच जास्त. दोन्ही लाखांच्या घरातले हेडफोन आहेत, पण एकाला खरा दमदार अॅम्प्लिफायर हवा आणि दुसऱ्याचा नुसता आवाज डोंगलवरही भरपूर होईल. किंमत पाहून अॅम्प्लिफायर ठरवू नये तो यासाठी.

हा हिशेब उलट दिशेनेही करावा. एखाद्या अॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ३२ ओहमला १ वॅट लिहिले असेल, तर तो किमान ५.६६ व्होल्ट देतो आणि १७७ मिलिअँपिअर पुरवतो. तेवढ्या व्होल्टवर ६०० ओहमच्या हेडफोनला ५३ मिलिवॅट मिळतात, म्हणजे गरजेच्या दुप्पट. सुसवारालाही काठावर पुरेसे होतात. म्हणून १ वॅट ३२ ओहमचा, स्वच्छ आवाजाचा अॅम्प्लिफायर जवळजवळ सर्व हेडफोनांना पुरतो, आणि त्याहून दहापट ताकदीसाठी दिलेले पैसे बहुतेकांच्या बाबतीत वाया जातात.

दुसरा आकडा अॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या आउटपुट इम्पीडन्सचा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा रूढ आणि उपयुक्त नियम आहे. कारण असे, की डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या पट्ट्यांत सारखा नसतो. खर्जात तो चढतो. समजा ३२ ओहमचा हेडफोन खर्जात ६० ओहमपर्यंत जातो. आउटपुट इम्पीडन्स एका ओहमखाली असेल तर काहीच बिघडत नाही, १० ओहम असेल तर खर्ज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो, आणि जुन्या धाटणीच्या १२० ओहमच्या आउटपुटवर तो चार डेसिबलने फुगतो. मग डग्ग्याचे ते सरकणे घुमाऱ्यात बुडते आणि दोष हेडफोनला दिला जातो. प्लॅनरचा इम्पीडन्स सपाट असल्याने त्याचा स्वरसमतोल यामुळे बदलत नाही, मात्र व्होल्टचा मोठा भाग अॅम्प्लिफायरमध्येच खर्ची पडतो. ट्रान्सफॉर्मरविना आउटपुट असलेले, म्हणून जास्त आउटपुट इम्पीडन्सचे, व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) अॅम्प्लिफायर सेनहायझरच्या ३०० ओहमच्या हेडफोनांसोबत फार गोड वाजतात, पण ३२ ओहमच्या प्लॅनरला ते लावू नयेत. व्हॉल्व्ह शेगडीसारखे तापतात, आणि आपल्या मे महिन्यात बंद खोलीत तो त्रास सोसण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

ताकद जास्त झाली तर तीही अडचणच असते. संवेदनशील हेडफोन हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त पटीने वाढवणाऱ्या सोयीवर लावला, की आवाजाची कळ आठ वाजण्याच्या खुणेलाच पुरेशी होते. अशा अगदी सुरुवातीच्या फिरकीत साध्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे त्या कळीतल्या फिरत्या रोधाची, डावी-उजवी बाजू सारखी नसते, गायक एका कानाकडे सरकतो आणि शांत जागी सूक्ष्म सरसर ऐकू येते. म्हणून लो गेनची सोय असलेलाच अॅम्प्लिफायर घ्यावा. बॅलन्स्ड आउटपुटने, म्हणजे प्रत्येक कानाच्या दोन्ही तारा उलटसुलट चालवणाऱ्या जोडणीने, साधारण दुप्पट व्होल्ट मिळतात, ते जिथे हिशेबाने हवेत तिथेच उपयोगाचे. महागड्या केबलींवर खर्च करू नये. डॅकबाबत, म्हणजे डिजिटल गाण्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या उपकरणाबाबत, एवढेच पाहावे, की त्याचा आउटपुट नेहमीचा दोन व्होल्टचा आहे. आजचे बहुतेक साधे डॅकही पुरेसे स्वच्छ असतात.

वीज, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

परदेशातून मागवलेला किंवा कोणी आणून दिलेला अॅम्प्लिफायर आधी मागच्या बाजूने तपासावा. अमेरिकेतला नग १२० व्होल्टचा आणि जपानचा १०० व्होल्टचा असू शकतो. त्यावर व्होल्टेज बदलायची कळ नसेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नये. वीज गेली की घर इन्व्हर्टरवर जाते, आणि तो जुन्या स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल तर आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला अॅम्प्लिफायर भणभणतो व जास्त तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्न येत नाही. रब्बीत पंप सुरू झाले की ज्या गावांत व्होल्टेज पडते, तिथे १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या अॅडॉप्टरचा अॅम्प्लिफायर अधिक निर्धोक ठरतो.

लॅपटॉप जोडल्यावर हेडफोनमध्ये बारीक गुणगुण आली, तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अॅम्प्लिफायरचा नसून अर्थिंगच्या मार्गाचा आहे. अशा वेळी मोबाईलवरून वाजवावे किंवा ऑप्टिकल केबलने जोडावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापण्याचा उपाय काही जण सांगतात, तो कधीही करू नये. त्यात जिवाला धोका आहे.

खरेदी झाल्यावर

अधिकृत विक्रेत्याचे बिल घ्यावे, कारण परस्पर आयात केलेल्या नगाची वॉरंटी भारतात बहुधा चालत नाही आणि स्वस्ताईचा फायदा पहिल्याच दुरुस्तीत संपतो. हेडफोन घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी, शांत खोलीत, २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा सलग स्वर कमी आवाजात वाजवून पाहावा. एखाद्या ठिकाणी खरखर झाली, किंवा स्वर मधोमध न राहता एका कानाकडे झुकला, तर हेडफोन उलटा घालून तोच स्वर पुन्हा वाजवावा. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा किंवा अॅम्प्लिफायरचा आहे, आणि त्याच कानाकडे राहिला तर आपल्याच श्रवणातला फरक आहे. पहिल्या बाबतीत अॅम्प्लिफायर बदलून किंवा थेट डोंगलला लावून खात्री करून घ्यावी, आणि झुकाव तरीही राहिला तर मूळ खोक्यात, सगळ्या सामानासह, नग परत पाठवावा.